सुई, सैनिक आणि समाज

(द्वितीय वर्ष कला, समाजशास्त्र)

युद्धाचा इतिहास आपण बहुधा तहापाशी संपवितो. तह झाला, सैन्य मायदेशी परतले, की पाठ्यपुस्तकातील ते प्रकरण मिटते. परंतु परतलेल्या सैनिकाचे पुढे काय झाले, हा प्रश्न शिल्लकच राहतो. प्रस्तुत लेखात त्या प्रश्नाच्या एका लहानशा, पण अवघड भागाचा विचार करावयाचा आहे. अमेरिकेतील जे माजी सैनिक अमली पदार्थ सुईने टोचून घेऊ लागले, त्यांच्यासाठी तेथे कोणत्या सेवा उभ्या राहिल्या आणि त्यांच्यामागील विचार काय आहे, हे समजावून घेण्याचा हा प्रयत्न आहे.

मी हा विषय निवडला तेव्हा वर्गातील मैत्रिणींना नवल वाटले. त्याचे कारण सांगणे येथे योग्य होईल. मी सातारा जिल्ह्यातील. आमच्या भागात घरटी एखादा तरी माणूस सैन्यात असतो. माझे वडील नाईक या हुद्द्यावरून निवृत्त झाले आणि आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. आमच्याकडे निवृत्त जवानाला, हुद्दा कोणताही असो, सारा गाव ‘मेजर’ म्हणतो. त्यामुळे सैनिकाच्या मानाविषयी मी लहानपणापासून पुष्कळ ऐकले, त्याच्या दुखण्याविषयी मात्र फार थोडे. समाजशास्त्राच्या तासाला व्यसनाधीनतेचे प्रकरण सुरू झाले तेव्हा व्हिएतनाममधून परतलेल्या सैनिकांच्या एका पाहणीचा उल्लेख आला. त्या उल्लेखावरून पुढचे वाचन झाले.

प्रथम शब्दाचा अर्थ पाहू. या सेवांना इंग्रजीत ‘हार्म रिडक्शन’ म्हणतात. मराठीत त्याला ‘हानी कमी करणे’ असे म्हणता येईल. माणूस व्यसन सोडेल तेव्हा सोडेल. तोपर्यंत तो मरू नये, त्याला जन्माचे दुखणे लागू नये आणि त्याच्यापासून ते दुसऱ्याला लागू नये, अशी व्यवस्था करणे हा या सेवांचा हेतू असतो. व्यसन सोडविण्याचे उपचार त्याहून वेगळे. मात्र या दोहोंत विरोध आहे काय, हाच या लेखातील मुख्य प्रश्न आहे.

व्हिएतनाममधील अनुभव

१९७० च्या सुमारास दक्षिण व्हिएतनाममध्ये हेरॉईन अतिशय स्वस्त आणि जवळजवळ शुद्ध स्वरूपात मिळत असे. तेथील अमेरिकन सैनिकांमध्ये त्याचा प्रसार झपाट्याने झाला. मे १९७१ मध्ये रॉबर्ट स्टील आणि मॉर्गन मर्फी या दोन काँग्रेस सदस्यांनी आपला अहवाल मांडला. तेथील दहा ते पंधरा टक्के सैनिक हेरॉईनच्या आहारी गेले आहेत, असा त्यांचा अंदाज होता. अमेरिकेत खळबळ उडाली. १७ जून १९७१ रोजी अध्यक्ष निक्सन यांनी अमली पदार्थांचा दुरुपयोग हा देशाचा पहिल्या क्रमांकाचा शत्रू असल्याचे जाहीर केले आणि या कामासाठी एक खास कार्यालय स्थापून मानसोपचारतज्ज्ञ डॉ. जेरोम जाफी यांना त्याचे प्रमुख नेमले. व्हिएतनाम सोडणाऱ्या प्रत्येक सैनिकाची लघवी तपासली जाऊ लागली. तपासणीत अंमल आढळला, तर त्याला लगेच घरी न पाठविता काही दिवस तेथेच ठेवून घेत.

हे हजारो सैनिक घरी येऊन काय करणार, ही भीती साहजिक होती. हेरॉईन एकदा लागले की सुटत नाही, असा त्या काळी दृढ समज होता. त्याची शहानिशा करण्याचे काम सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ ली रॉबिन्स यांच्याकडे आले. सप्टेंबर १९७१ मध्ये परतलेल्या सैनिकांपैकी सुमारे नऊशे जणांना त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधून काढले आणि परतल्यानंतर आठ ते बारा महिन्यांनी त्यांच्या मुलाखती घेतल्या.

निष्कर्ष आश्चर्यकारक निघाले. जवळजवळ निम्म्या सैनिकांनी व्हिएतनाममध्ये अफू अथवा हेरॉईन घेऊन पाहिले होते. सुमारे वीस टक्के सैनिकांना तेथे त्याचे व्यसन लागले होते. परंतु ज्यांना व्यसन लागले होते, त्यांच्यापैकी परतल्यावर पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनाधीन झालेले फक्त पाच टक्के होते. तीन वर्षांचा काळ धरला, तरी हे प्रमाण बारा टक्क्यांच्या आसपास राहिले. पुष्कळांनी परतल्यावर एकदोनदा हेरॉईन घेतलेही, तरी ते त्याच्या तावडीत सापडले नाहीत.

समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला यातून एक धडा मिळतो. व्यसन हा केवळ त्या माणसाच्या मनाच्या दुबळेपणाचा प्रश्न नसून परिस्थितीचाही प्रश्न असतो. भीती, कंटाळा, घरापासूनचे अंतर आणि हाताशी असलेला स्वस्त माल या गोष्टी बदलल्या, तेव्हा बहुतेकांचे वागणेही बदलले. या पाहणीविषयी लिहिणारे बहुतेक जण येथेच थांबतात. मला मात्र उरलेल्या माणसांविषयी विचार करावासा वाटतो. शंभरातील अठ्ठ्याऐंशी सुटले, हे खरे; पण बारा पुन्हा अडकले. आणि घरी आल्यावर अडकलेल्या माणसापुढे सुई उभी होती.

सुई कोठून आली?

व्हिएतनाममध्ये बहुसंख्य सैनिक हेरॉईन सिगारेटीत भरून ओढत असत. माल इतका शुद्ध होता की टोचून घेण्याची गरजच भासत नसे. अमेरिकेत तोच पदार्थ महाग आणि भेसळीचा मिळे. थोड्या मालात अधिक अंमल चढावा, तर तो सरळ शिरेत घ्यावा लागे. म्हणजे सुईकडे वळण्यात बाजारभावाचाही हात होता.

सुईमुळे व्यसनाचे स्वरूपच बदलते. एकाने वापरलेल्या सिरिंजमध्ये रक्ताचा अंश राहतो. तीच सिरिंज दुसऱ्याने वापरली की त्या अंशाबरोबर एड्सचे विषाणू, कावीळ ‘ब’ आणि कावीळ ‘क’ यांचे विषाणू त्याच्या शरीरात जातात. पदार्थ विरघळविण्याचे पाणी, चमचा व गाळण्याचा कापूस हे सामाईक असले, तरी कावीळ ‘क’ चा धोका राहतो. अस्वच्छ सुईने गळवे होतात आणि जंतू रक्तातून हृदयाच्या झडपांपर्यंत पोचू शकतात. यांपैकी कावीळ ‘क’ वर्षानुवर्षे काहीच लक्षण न दाखविता यकृत पोखरत राहते. व्हिएतनामच्या काळातील माजी सैनिकांमध्ये या रोगाचे प्रमाण इतर नागरिकांपेक्षा अधिक आढळले. सुई हे त्याचे एकमेव कारण नव्हते. तपासणीची सोय नसताना दिलेले रक्तही त्याला कारणीभूत होते. २०१४ नंतर नवी परिणामकारक औषधे आली आणि अमेरिकेच्या माजी सैनिक विभागाने पुढे एक लाखाहून अधिक माजी सैनिकांवर त्यांनी उपचार केले. हा रोग आता बरा होऊ शकतो. पण बरा झालेला माणूस पुन्हा दूषित सुई वापरू लागला, तर त्याला तो पुन्हा होतो. म्हणजे औषधालाही स्वच्छ सुईची जोड लागतेच.

सेवांचे स्वरूप

या सेवांमध्ये पहिली येते ती स्वच्छ सुई व सिरिंज पुरविण्याची आणि वापरलेल्या परत घेण्याची सेवा. ही कल्पना सैन्यातून आलेली नाही. नेदरलँड्समधील ॲमस्टरडॅम शहरात १९८४ मध्ये, कावीळ ‘ब’ ची साथ थोपविण्यासाठी, अमली पदार्थ घेणाऱ्यांच्याच संघटनेच्या पुढाकाराने तिचा आरंभ झाला. अमेरिकेत १९८८ मध्ये वॉशिंग्टन राज्यातील टकोमा शहरात डेव्ह पर्चेस या गृहस्थाने रस्त्यावर टेबल मांडून सुया बदलून देण्यास सुरुवात केली. त्याच वर्षी अमेरिकन काँग्रेसने अशा कामाला केंद्रीय पैसा देण्यास बंदी घातली. ती २००९ मध्ये उठली, दोन वर्षांनी पुन्हा आली आणि २०१५ च्या अखेरीस अंशतः सैल झाली. सुया विकत घेण्यास केंद्रीय पैसा वापरू नये, इतर खर्चास चालेल, अशी ती तडजोड होती. त्यानंतर माजी सैनिकांच्या काही शासकीय रुग्णालयांतही ही सेवा सुरू झाली. इलिनॉय राज्यातील डॅनव्हिल येथील रुग्णालय हे त्यांतील आरंभीचे होय. सुईबरोबर तेथे रक्ताची तपासणी, काविळीची लस, जखमांची मलमपट्टी आणि इच्छा झाल्यास व्यसनमुक्तीच्या उपचारांकडे जाण्याची वाट या गोष्टीही असतात.

दुसरी सेवा नॅलोक्सोन या औषधाची. हेरॉईन वा तत्सम पदार्थाची मात्रा अधिक झाली की मेंदूकडून श्वासाला मिळणारी चालना मंदावते आणि माणूस झोपल्यासारखा दिसत असतानाच मरतो. नॅलोक्सोन हे त्या पदार्थाला मेंदूतील त्याच्या जागेवरून हटविते आणि दोन-तीन मिनिटांत श्वास पुन्हा सुरू होऊ शकतो. त्याचा परिणाम अर्ध्या ते दीड तासात ओसरतो. म्हणून ते दिल्यावरही डॉक्टरी मदत बोलवावीच लागते. अमेरिकेत या औषधाला १९७१ मध्येच मान्यता मिळाली होती, म्हणजे व्हिएतनामहून सैनिक परतत होते त्याच वर्षी. पण अनेक वर्षे ते इस्पितळाच्या कपाटातच राहिले. माणूस मरतो घरात, मोटारीत नाहीतर सार्वजनिक स्वच्छतागृहात. तेथे औषध नसे. २०१४ पासून माजी सैनिक विभागाने ते देशभर रुग्णांच्या व त्यांच्या घरच्यांच्या हाती देण्याची योजना राबविली. बॉस्टनच्या माजी सैनिक रुग्णालयातून पुढे आलेल्या कल्पनेनुसार रुग्णालयाच्या आवारातील पोलिसांजवळ आणि हृदय बंद पडल्यास वापरावयाच्या यंत्राच्या पेटीतही नॅलोक्सोन ठेवण्यात येऊ लागले.

तिसरी सेवा पर्यायी औषधांची. न्यूयॉर्कमधील व्हिन्सेंट डोल व मेरी निस्वांडर या डॉक्टरांनी १९६५ मध्ये मेथॅडोनचा उपयोग दाखवून दिला. ब्युप्रेनॉर्फिन हे औषध नंतर आले. ही औषधे ठरावीक मात्रेत तोंडावाटे घेतली की अंगाची तडफड थांबते, सुईची गरज उरत नाही आणि माणूस कामधंदा करू शकतो.

चौथी गोष्ट निवाऱ्याची. बेघर माजी सैनिकाला पूर्वी ‘आधी व्यसन सोड, मग खोली मिळेल’ असे सांगण्यात येई. २०१२ च्या सुमारास माजी सैनिक विभागाने हा क्रम उलटा केला. आधी घर द्यायचे, मग उपचार, असे धोरण ठरले. डोक्यावर छप्पर असलेल्या माणसालाच औषधाची वेळ पाळता येते, हे त्यामागील साधे कारण.

सैनिकाची अडचण वेगळी का?

कोणी विचारील की, माजी सैनिकासाठी निराळा विचार कशाला? त्याचे उत्तर त्याच्या आयुष्यक्रमात आहे. त्याच्या अंगावर जुन्या जखमा असतात. अफगाणिस्तान आणि इराकमधील युद्धांनंतर अनेकांना वेदनेसाठी अफूच्या जातीच्या गोळ्या डॉक्टरांनीच दिल्या. पुढे गोळ्या मिळेनाशा झाल्या, तेव्हा त्यांतील काही हेरॉईनकडे वळले. मनावरच्या जखमा दिसत नाहीत. युद्धाच्या धक्क्यातून येणाऱ्या मनोविकाराला अमेरिकन मानसोपचारशास्त्राच्या अधिकृत यादीत स्वतंत्र नाव मिळाले ते १९८० मध्ये, म्हणजे व्हिएतनाम युद्ध संपल्यावर पाच वर्षांनी. त्यातच अमली पदार्थांमुळे ज्यांना प्रतिकूल शेरा मारून सैन्यातून काढण्यात आले, त्यांना माजी सैनिकाच्या अनेक सवलतींनाही मुकावे लागले. ज्याला मदतीची सर्वांत अधिक गरज, त्यालाच दार बंद, अशी ही स्थिती होती.

शिवाय सैनिकाला मदत मागण्याची सवय नसते. दुखले तरी सांगायचे नाही, हेच त्याने तरुणपणी शिकलेले असते. म्हणून १९७९ पासून अमेरिकेत माजी सैनिकांसाठी लहान लहान सल्लाकेंद्रे रुग्णालयाबाहेर, बाजारपेठेत उघडण्यात आली. पुढे व्यसनातून बाहेर पडलेल्या माजी सैनिकालाच पगारी सहायक नेमण्याची पद्धत आली. डॉक्टरांशी न बोलणारा माणूस आपल्यासारख्याच माणसाशी बोलतो, हा अनुभव आपल्यालाही नवा नाही.

आक्षेप आणि त्याचे उत्तर

या सेवांवरील मुख्य आक्षेप असा की, सुई देणे म्हणजे व्यसनाला उत्तेजन देणे होय. हा आक्षेप उडवून लावण्याजोगा नाही. व्यसनाने संसार मोडलेल्या घरातील आईला ‘तुमच्या मुलाला आम्ही नवी सुई दिली’ असे सांगितले, तर तिला काय वाटेल, याचा विचार केलाच पाहिजे. पण आक्षेप प्रामाणिक असला, तरी तो अनुभवाच्या कसोटीवर तपासावा लागतो.

अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने या विषयावरील अभ्यासांचा जो आढावा दिला आहे, त्यानुसार अशा सेवांमुळे एड्सचा विषाणू व कावीळ ‘क’ यांच्या नव्या लागणीचे प्रमाण निम्म्याने घटते. तसेच या सेवांकडे नव्याने येणारी माणसे, त्या न वापरणाऱ्यांच्या तुलनेत, व्यसनमुक्तीच्या उपचारांकडे पाचपट अधिक वळतात. आपला आक्षेप खरा असता, तर हे उलट घडावयास हवे होते. सेवा नसेल तर काय होते, याचेही उदाहरण आहे. २०१५ मध्ये इंडियाना राज्यातील स्कॉट परगण्यात, जेमतेम चार हजार वस्तीच्या ऑस्टिन गावात व आसपास, एकमेकांच्या सुया वापरल्याने एड्सच्या विषाणूची साथ पसरली आणि बाधितांची संख्या दोनशेच्या वर गेली. सुया देण्यास तत्त्वतः विरोध असलेल्या राज्यपालांना अखेर परवानगी द्यावी लागली. साथ आटोक्यात आल्यावर, २०२१ मध्ये, तेथील अधिकाऱ्यांनी ती सेवा बंद करण्याचा ठराव केला, हेही नमूद केले पाहिजे. जुलै २०२५ मधील अध्यक्षीय आदेशानेही ‘हानी कमी करण्या’च्या कामाला केंद्रीय अनुदान देण्याविरुद्ध आणि ‘आधी घर’ या धोरणाविरुद्ध भूमिका घेतली. म्हणजे वाद मिटलेला नाही.

गंमत अशी की, खुद्द सैन्याला हा विचार अपरिचित नव्हता. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याने जवानांना संयमाचा उपदेश केला आणि त्याचबरोबर गुप्तरोगापासून बचावाची साधनेही वाटली. उपदेश सगळेच पाळणार नाहीत, हे सेनापतींना माहीत होते आणि आजारी जवान त्यांना परवडत नव्हता. प्रश्न असा पडतो की, लढण्याच्या वयात ज्याच्या बाबतीत हा व्यवहार्य विचार केला, त्याच्या बाबतीत तो निवृत्तीनंतर का करू नये?

आपल्याकडे पाहताना

भारतात सुईचा प्रश्न प्रथम मोठ्या प्रमाणावर दिसला तो मणिपूरमध्ये. १९८९-९० या काळात तेथे हेरॉईन टोचून घेणाऱ्यांमध्ये एड्सचा विषाणू फार वेगाने पसरला. पुढे आपल्या राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमातही टोचून घेणाऱ्यांना स्वच्छ सुया पुरविणे व ब्युप्रेनॉर्फिनसारखी पर्यायी औषधे देणे यांचा समावेश झाला. महाराष्ट्रात व्यसनमुक्ती म्हटले की पुण्याचे १९८६ मध्ये सुरू झालेले ‘मुक्तांगण’ आठवते, आणि ते योग्यच आहे. पण व्यसन सोडण्याची तयारी होईपर्यंतच्या काळात माणसाचे काय, हा प्रश्न आपल्या बोलण्यात फारसा येत नाही.

आमच्या गावात सुई नाही, बाटली आहे. गावातील एक निवृत्त जवान पुष्कळ पीत. दोनदा ते व्यसनमुक्ती केंद्रात जाऊन आले आणि दोन्ही वेळा काही महिन्यांनी पुन्हा पिऊ लागले. त्यानंतर त्यांना कोणी कोठे नेले नाही. झेंडावंदनाला इतर माजी सैनिकांना पहिल्या रांगेत खुर्च्या असत. त्यांना निरोप जाणे बंद झाले. पोटात पाणी झाले तेव्हा इस्पितळात नेण्यासही उशीर झाला, कारण ‘पिऊन पडला असेल’ असेच सर्वांना वाटले. ते गेले तेव्हा मी अकरावीत होते. त्यांची दारू सुटली असती की नाही, हे मी सांगू शकत नाही. पण त्यांना दिवसातून दोन वेळ जेवण मिळते आहे ना, त्यांची तपासणी कोणी करते आहे ना, एवढे पाहण्यासाठी त्यांनी आधी दारू सोडण्याची गरज नव्हती. मी वडिलांशी या विषयावर बोलले. ते बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “पलटणीत कोणी पडला तर आधी त्याला उचलतात. कसा पडला, ते मग विचारतात.”

समारोप

वरील विवेचनावरून काही गोष्टी ध्यानात येतात. व्हिएतनामहून परतलेल्यांच्या पाहणीने दाखविले की, व्यसनात सापडलेला माणूस कायमचा वाया गेला, असे समजणे चुकीचे आहे. बहुतेकांना वेळ आणि बरी परिस्थिती मिळाली, की ते बाहेर पडतात. स्वच्छ सुई, नॅलोक्सोन, मेथॅडोन व निवारा या सेवा माणसाला तो वेळ मिळवून देतात. म्हणून त्या आणि व्यसनमुक्तीचे उपचार यांत मला विरोध दिसत नाही. मेलेल्या माणसाचे व्यसन कोणालाही सोडविता येत नाही.

अर्थात या सेवांनी सारे साधते, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. २०२१ मध्ये अमेरिकेत अमली पदार्थांच्या अतिमात्रेने एका वर्षात एक लाखाहून अधिक माणसे मरण पावली. फेंटॅनिलसारख्या कृत्रिम पदार्थांनी हा प्रश्न अधिक बिकट केला आहे. एकाकीपणा, बेकारी आणि वेदना यांवर सुई हे उत्तर नाही. तरीही पुढच्या उपायांसाठी माणूस शिल्लक ठेवण्याचे काम या सेवा करतात.

हा विषय मोठा आहे आणि माझा अभ्यास अजून थोडा आहे. जाणकार प्राध्यापकांनी व विद्यार्थी मित्रमैत्रिणींनी यावर चर्चा करावी, ही विनंती. आणि यंदाच्या झेंडावंदनाला आपापल्या गावी गेल्यावर, पहिल्या रांगेत न दिसणाऱ्या एखाद्या ‘मेजर’च्या घरी कोणी जाऊन आले, तर हा लेख लिहिण्याचे श्रम सार्थकी लागले, असे मी समजेन.